परसातली अबोली, गावाचा वळेसर

बकुळीचं फूल ओवायला सुई लागत नाही. ते झाडावरून गळतं तेव्हा पाकळ्या आणि पुंकेसर मिळून एक अखंड चकती खाली येते. बीजकोश मात्र फांदीवरच राहतो. त्यामुळे प्रत्येक फुलाच्या मधोमध आयतं भोक असतं. पाकळ्या आठच, पण प्रत्येकीला दोन-दोन उपांगं असल्यामुळे टोकं दिसतात चोवीस. पहाटे झाडाखाली पडलेला सडा वेचायचा आणि माडाच्या हिरात किंवा केळीच्या धाग्यात एकामागून एक सरकवत जायचं. फूल वाळून तपकिरी पडलं तरी त्याचा वास जात नाही. म्हणून बकुळीची माळ वापरून झाली की कपाटात, लुगड्यांच्या घडीत जाते.

कोणत्या फुलाला सुई चालते, कोणाला गाठ मारावी लागते, कोणतं कळी असतानाच खुडायचं आणि कोणतं जमिनीवर पडल्यावरच उचलायचं, हे ज्ञान कोकणातल्या आणि गोव्यातल्या घरांमध्ये आजीकडून नातीकडे आलं. ते कुणी लिहून ठेवलं नाही. तरी त्यामागे फुलांच्या घडणीची पक्की जाण आहे आणि वनस्पतिशास्त्राच्या कसोटीवर ती खरी उतरते. या ज्ञानाचा उपयोगही स्वतःच्या अंबाड्यापुरता नव्हता. परसातली फुलं देवळात जात, वाड्यावरच्या खुरसाला म्हणजे क्रुसाला जात, लग्नघरी जात, शिमग्यात पालखीवर चढत. एका घरच्या फुलांवर सगळा वाडा हक्क सांगे, आणि त्या हक्कामुळेच कितीतरी फुलझाडं आजवर टिकून राहिली.

दक्षिण कोकणातल्या जुन्या घराचं परस नीट पाहिलं तर त्याची मांडणी ध्यानात येते. तुळस पुढच्या अंगणात. जास्वंद कुंपणाला. तगर आणि अनंत विहिरीच्या आसपास. न्हाणीचं सांडपाणी जिथं जातं तिथं केळी, अळू आणि त्यांच्या पलीकडे अबोलीचा वाफा. उन्हाळ्यात विहीर खाली गेली तरी न्हाणीचं पाणी रोज वाहतं, त्यामुळे अबोलीला वेगळं शिंपणं करावं लागत नाही. केळीच्या वाळलेल्या सोपटातून वळेसर, म्हणजे केसांत माळायची फुलांची वेणी, गुंफायचा धागा निघतो आणि तयार वळेसर गुंडाळायला पानही तिथंच मिळतं.

अबोली ही या परसाची राणी. तिचं शास्त्रीय नाव क्रॉसेंड्रा इन्फन्डिबुलिफॉर्मिस. कुळ अडुळसा आणि कोरांटीचं. मूळ स्थान दक्षिण भारत आणि श्रीलंका. तिला वास नाही. पण तिच्या इतकं गुंफायला सोयीचं फूल क्वचितच असेल, आणि त्याचं कारण तिच्या आकारात आहे. हिरव्या, चौकोनी कणसातून एकेक फूल वर येतं. त्याची नळी बारीक आणि सुमारे दोन सेंटिमीटर लांब असते. वरच्या टोकाला पाकळ्या चहूकडे पसरत नाहीत. पाची पाळ्या एकाच बाजूला, पंख्यासारख्या उघडतात. फूल हलक्या हातानं वर ओढलं की नळीसकट कणसातून सुटून येतं. ही नळी हाच गुंफणाऱ्या बाईचा देठ.

वळेसर गुंफायची रीत अशी. धागा आधी पाण्यात भिजवून मऊ करायचा. त्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवायचं किंवा डाव्या हाताच्या बोटांत धरायचं. दोन फुलं डावीकडे तोंड करून, दोन उजवीकडे तोंड करून अशी ठेवायची की त्यांचे देठ मधोमध एकमेकांवर येतील. धागा देठांवरून एक वेढा घेतो, मग उजव्या हाताच्या बोटांवर त्याचा फासा होतो, तो फासा देठांवर सरकवून ओढला की गाठ बसते. लगेच पुढची चार फुलं. पंख्यासारख्या पाकळ्या दोन्ही बाजूंना आडव्या पडत जातात, मधले देठ त्यांच्याखाली दिसेनासे होतात आणि हातात केशरी रंगाची सपाट, भरीव पट्टी वाढत राहते. हातभर वळेसराला शंभरावर फुलं सहज लागतात. सरावलेली आजी हे सगळं दाराशी आलेल्या माणसाशी बोलता बोलता, हाताकडे न बघता करते. नातीनं पहिल्यांदा धागा हाती घेतला की तिला एकच सूचना मिळते: "अगो चेडवा, इतको ओढू नको, देठ तुटतलो." गाठ सैल राहिली तर फूल गळतं, आवळली तर नळी चिरते. भिजलेला केळीचा धागा नायलॉनसारखा कापत नाही आणि त्यातला ओलावा फुलांनाही मिळतो, म्हणून जुन्या बायका आजही त्यालाच पसंती देतात. अबोलीला वास नाही ही उणीव मध्ये मध्ये मरव्याची किंवा दवण्याची काडी गुंफून भरून निघते.

प्रत्येक फुलाची वेळ ठरलेली असते आणि आजीचा दिवस त्या वेळांना बांधलेला असतो. पारिजातक रात्री उमलतो आणि पहाटे गळतो. इतर बहुतेक फुलं झाडावरून खुडूनच देवाला वाहायची, पण प्राजक्ताला जमिनीवरून वेचायची मुभा आहे, कारण त्याची रीतच गळण्याची. जास्वंद सकाळी उमलते आणि बहुधा त्याच दिवशी मिटते. पहाटेच्या पूजेला हवी असेल तर आदल्या संध्याकाळी टपोरी कळी काढून पाण्यात ठेवतात, ती सकाळी उघडते. गुलबक्षी चारच्या सुमारास जागी होते.

मोगऱ्याचं गणित या सगळ्यांपेक्षा वेगळं. त्याची कळी दुपारपर्यंत पांढरीशुभ्र आणि फुगीर होते, दिवस कलल्यावर उमलायला लागते आणि तेव्हाच वास सोडते. त्या वासात बेन्झिल ॲसिटेट आणि लिनॅलूल ही मुख्य द्रव्यं असतात, आणि अंधारात वासाच्या मागानं येणाऱ्या पतंगांसाठी ती आमंत्रणं असतात. कळी खुडल्यानंतरही तिचं उमलणं थांबत नाही. म्हणूनच गजरा नेहमी कळ्यांचा करायचा: दुपारी गुंफला, ओल्या फडक्यात ठेवला, संध्याकाळी माळला की तो केसांत फुलतो आणि रात्रभर दरवळतो. उमललेल्या मोगऱ्याचा गजरा करणारीला घरच्या बायका हसतात, कारण तो माळेपर्यंत पिवळा पडायला लागतो.

मोगऱ्याची आणखी एक गोष्ट महत्त्वाची. बागेतल्या मोगऱ्याला, विशेषतः भरगच्च पाकळ्यांच्या जातींना, सहसा बी धरत नाही. त्याचं रोप फांदीपासून किंवा दाबकलमानं करावं लागतं. अबोलीतही 'दिल्ली' नावाची एक लोकप्रिय जात अशीच आहे. तिच्यात गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असल्यामुळे ती बी धरत नाही आणि फांदीवरच वाढवली जाते. म्हणजे ही फुलझाडं वाऱ्यानं किंवा पाखरांनी पसरलेली नाहीत. माणसांनी एकमेकांकडून फांदी मागून ती गावोगाव नेली आहेत. माहेरून परत येताना सुनेच्या पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली मोगऱ्याची काडी असे, शेजारणीच्या कुंपणावरून अबोलीची जुडी इकडे येई. साधी अबोली मात्र स्वतःच्या बळावरही पसरते. तिची वाळकी बोंडं पावसाचं पाणी लागताच टचकन फुटतात आणि बिया दूर उडतात. जूनमध्ये जुन्या झुडपाभोवती इवली रोपं दिसतात ती याच कारणानं. मुलं ही बोंडं पाण्यात टाकून त्यांचे फटाके वाजवतात.

परसाच्या हद्दीवर, कधी देवराईत, कधी घाटीच्या उतारावर उभी असते सुरंगी. मामिया सुरिगा हे तिचं शास्त्रीय नाव, उंडीच्याच कुळातली, पश्चिम घाट आणि त्याच्या पायथ्याचा पट्टा हेच तिचं घर. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान तिच्या जुन्या, जाड फांद्यांच्या अंगावरच कळ्या लगडतात. पांढऱ्या पाकळ्यांच्या मधोमध पिवळ्याधमक पुंकेसरांचा झुबका, आणि वास इतका दाट की फुललेलं झाड दिसायच्या आधी कळतं. मधमाश्यांची तर झुंबड असते. सिंधुदुर्गात वेंगुर्ले तालुक्यातल्या आसोलीसारखी गावं सुरंगीच्या वळेसरांसाठी ओळखली जातात. तिथं फुलांच्या दिवसांत माणसं उजाडण्यापूर्वी झाडावर चढतात. उन्हं वर आली की कळ्या उघडून पाकळ्या झडू लागतात, त्यामुळे हाती असतो तो पहाटेचा थोडा वेळ. खाली कापड अंथरलेलं असतं, वरून कळ्या पडत राहतात, आणि घरातल्या बायका लागलीच ओवायला बसतात. उरलेल्या कळ्या उन्हात वाळवून विकल्या जातात. तांबडा नागकेशर या नावानं त्यांना औषधी बाजारात मागणी आहे, रेशीम रंगवायलाही त्या वापरल्या गेल्या आहेत. सुरंगीचा बहर आणि शिमगा यांचे दिवस एकमेकांत मिसळतात, त्यामुळे त्या दिवसांत पालखीच्या वाटेवर उभ्या असलेल्या बायकांच्या केसांत तोच पिवळा वळेसर दिसतो.

गुंफलेलं फूल घराबाहेर पडलं की ते गावाचं होतं. गोव्यात हे फार स्पष्ट दिसतं. म्हापसा आणि पणजीच्या बाजारात, मंगेशीच्या देवळाबाहेर फुलकार बायका हारीनं बसलेल्या असतात. त्यांच्या पाटीतली अबोलीची फाती म्हणजे माळ एका घरी तुळशीला जाते, दुसऱ्या घरी जांभ्या दगडाच्या खुरसाला. वाड्यावरच्या खुरसासमोर लादीन म्हणजे सामुदायिक प्रार्थना असते तेव्हा शामाय म्हणजे ख्रिस्ती घरातली आजी सकाळपासून आपल्या दारातली फुलं काढून माळा करायला बसते, आणि शेजारच्या हिंदू घरातूनही फुलं येतात. फोंडा तालुक्यात म्हार्दोळच्या म्हाळसा देवीला पावसाळ्यात जायांची पूजा बांधली जाते. तिथल्या फुलकार घरांनी गुंफलेल्या जाईच्या माळांनी देवीचा गाभारा भरून जातो. डिचोली तालुक्यातल्या शिरगावला वैशाख शुद्ध पंचमीला लईराईची जत्रा भरते. ही देवी मोगऱ्याची, त्यामुळे अग्निदिव्य करणाऱ्या धोंडांच्या, म्हणजे तिच्या व्रतस्थ भक्तांच्या, गळ्यात मोगऱ्याच्या माळा असतात. लोकश्रद्धेत म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्र सायबीण म्हणजे मारिया ही लईराईची बहीण. शिरगावहून म्हापशाला तेल आणि म्हापशाहून शिरगावला मोगरी पाठवायची परंपरा सांगितली जाते, आणि मिलाग्रच्या फेस्ताला दोन्ही धर्मांची माणसं रांगेत असतात.

पण परसातली फुलं, रानातल्या वेली आणि अख्खा वाडा एकत्र येतात ते २४ जूनला, साव जांवच्या दिवशी. सेंट जॉन बाप्तिस्ताच्या जन्माचं हे फेस्त नाताळच्या बरोबर सहा महिने आधी येतं. मारिया आपल्या नातलग एलिझाबेथला भेटायला गेली तेव्हा एलिझाबेथच्या पोटातल्या बाळानं आनंदानं उडी मारली, असं बायबलमध्ये आहे. तीच उडी गोव्यात विहिरीत आणि तळ्यात मारली जाते. पाऊस सुरू झालेला असतो, विहिरी भरू लागलेल्या असतात. घुमट, म्हादळें, कांसाळें ही वाद्यं घेऊन पोरं घरोघर फिरतात, 'विवा साव जांव'चा गजर होतो. नव्या जावयाचा हा मोठा मान. सासुरवाडीला तो या दिवशी मुद्दाम येतो. आणि प्रत्येकाच्या डोक्यावर असतं कोपेल, म्हणजे फुलापानांचं कडं.

कोपेल विणणं हे वळेसरापेक्षा निराळं काम. वळेसर माळायचा असतो, कोपेल घेऊन विहिरीत उडी मारायची असते. म्हणून आधी लवचीक वेलीचे दोन-तीन पदर एकमेकांत पिळून डोक्याच्या मापाचं कडं करतात. त्यावर पानांचा थर बांधायचा आणि मग फुलं: कुंपणावरची जास्वंद, तगर, क्रोटनची रंगीत पानं, पहिल्या पावसात डोंगरावर उगवलेल्या वेलींचे शेंडे, कधी एखादं फळही. प्रत्येक जुडी देठाशी घट्ट आवळून पुढच्या जुडीची पानं मागच्या गाठीवर झाकत न्यायची. पोरं सकाळी रानातून हिरवाई आणतात, विणायला मात्र शामाय लागते. शिवोलीत या दिवशी सजवलेल्या होड्यांची मिरवणूक निघते, आसपासच्या वाड्यांची माणसं पाण्यातून चर्चपाशी येतात. ठिकठिकाणी कोपेलांच्या स्पर्धाही भरतात.

या परसातली सगळी फुलं इथलीच आहेत असं मात्र नाही. दसऱ्याच्या तोरणाला जो झेंडू लागतो तो मेक्सिकोचा. पोर्तुगीजांच्या काळात अमेरिकेतून आलेल्या वनस्पतींपैकी एक. निशिगंधही तिकडचाच, गुलबक्षी आणि देवळासमोरचा खुरचाफा हेही अमेरिका खंडातले. शेवंती चीनमधून आली. आजीनं कोणालाही परकं ठरवलं नाही. ज्याला देठ आहे, जे दिवसभर टिकतं आणि ज्याची फांदी लागते, ते परसात आलं आणि सणाचं झालं. 

इथल्या फुलांची नोंदही बरीच जुनी आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३मध्ये गोव्यात छापला गेला. भारतात छापलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी तो एक. त्यात पारिजातकावर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्याच्या केशरी देठांनी अन्नाला केशरासारखा रंग देतात हेही त्यानं टिपलं आहे. पुढं १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला 'हॉर्टस मलबारिकस'चे बारा खंड निघाले. डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान ऱ्हेडे यानं ते सिद्ध केले, पण माहिती पुरवली ती मलबारातल्या इट्टी अच्युतन यांच्यासारख्या वैद्यांनी आणि रंगा भट, विनायक पंडित, आपू भट या तीन कोंकणी जाणकारांनी. त्यांचं नागरी लिपीतलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेलं आहे. बकूळ त्या ग्रंथात आहे. युरोपच्या ग्रंथालयांत गेलेलं हे ज्ञान इथल्या माणसांच्या रोजच्या वापरातूनच तिथवर पोचलं होतं.

आज ही साखळी अनेक ठिकाणी कमकुवत झाली आहे. परसात फरशी आली, न्हाणीचं पाणी बंद गटारात गेलं, मग केळ गेली आणि अबोलीही. बाजारात घाटावरून आणि कर्नाटकातून आलेली फुलं मुबलक मिळतात, मुंबईला दादरच्या फुलबाजारात वसईची फुलं पहाटेच पोचतात, त्यामुळे घरी वाफा राखायची निकड राहिली नाही. प्लॅस्टिकच्या माळा वर्षभर दाराला लटकतात. साव जांवलाही कागदी आणि प्लॅस्टिकची कोपेलं दिसू लागली आहेत. याचा तोटा झाडांना आधी बसतो. सुरंगीला आणि बकुळीला फुलावर यायला बरीच वर्षं लागतात. त्यांच्या वळेसराला गिऱ्हाईक नसेल तर बांधावरचं झाड सरपण म्हणून तुटायला वेळ लागत नाही. उलट जिथं हंगामात चार पैसे हाती येतात, त्या गावांमध्ये सुरंगीची झाडं आजही जपली जातात.

परस पुन्हा उभं करणं मात्र अवघड नाही. अबोलीचं बी पावसाच्या तोंडाला पेरता येतं, जुन्या झुडपाच्या फांद्याही पावसाळ्यात सहज मुळं धरतात. तिला मोठा त्रास असतो मर रोगाचा. त्यामागे जमिनीतली बुरशी आणि मुळांना लागणारे सूत्रकृमी असे दोघे असतात. वाफ्यात मधून मधून झेंडू लावला तर त्याच्या मुळांतून निघणारी द्रव्यं या सूत्रकृमींना आवर घालतात. जुन्या परसात झेंडू आणि अबोली शेजारी असत, ती जोडी ठेवण्यासारखी आहे. पाणी साचू न देणं हा दुसरा उपाय. मोगऱ्याला उन्हाळ्यापूर्वी छाटणी हवी, कारण कळ्या नव्या फुटीवर येतात. गॅलरीतल्या कुंडीतही ही दोन्ही झाडं चांगली फुलतात. बकूळ आणि सुरंगी या मोठ्या होणाऱ्या झाडांना कुंडी पुरत नाही. त्यांच्यासाठी देवळाचं आवार, चर्चचं पटांगण, शाळेचं मैदान, गावरस्त्याची कड अशा जागा हव्यात.

झाडांइतकीच गरज हातांची आहे. गाठ कशी बसते हे वाचून समजतं, पण जमत नाही. ते शेजारी बसूनच शिकावं लागतं. गावातल्या शाळेनं, पंचायतीनं, चर्चनं वर्षातून एकदा अशा दोन-तीन आज्यांना सन्मानानं बोलवावं, मुलांना फुलं आणायला सांगावीत आणि दुपारभर नुसतं गुंफू द्यावं. शिकताना मुलांनी विचारायचे प्रश्नही पुष्कळ आहेत: ही फांदी कोणाकडून आणली, हा वळेसर कोणत्या देवाला, कोणत्या खुरसाला, ही कळी अमुक वेळेलाच का खुडायची, केळीचा धागा किती वेळ भिजवायचा. जून हा त्यासाठी सगळ्यांत सोयीचा महिना. शाळा सुरू झालेल्या असतात, पहिल्या पावसानं अबोलीची बोंडं फुटून रोपं वर आलेली असतात, मोगऱ्याची काडी जमिनीत धरते, आणि शिकलेलं हातोहात वापरायला २४ तारखेचं कोपेल आहेच.